इंग्रजीचे अनेक उच्चार आणि शिकणाऱ्याचा कान

इंग्रजीचे व्याकरण पक्के आहे, शब्दसंग्रह पुरेसा आहे, वर्तमानपत्र आणि पाठ्यपुस्तक विनासायास वाचता येते. तरीही ध्वनिमुद्रणातील ऑस्ट्रेलियन निवेदक बोलू लागला की शब्द हातातून निसटतात. परदेशी विद्यापीठात प्रवेश घेण्यासाठी आयईएलटीएस परीक्षेची तयारी करणाऱ्या असंख्य विद्यार्थ्यांचा हा अनुभव आहे. या परीक्षेतील श्रवणाचा भाग सुमारे ३० मिनिटांचा असतो, प्रश्न ४० असतात आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले जाते. त्यात ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, अमेरिकी आणि कॅनडाचे असे नाना तऱ्हेचे उच्चार कानावर पडतात. गंमत अशी की, हाच विद्यार्थी महाविद्यालयात तेलुगू किंवा मल्याळी प्राध्यापकांचे इंग्रजी व्याख्यान तासभर ऐकतो आणि त्यातील एकही वाक्य त्याला अडत नाही.

अशा वेळी 'आपले इंग्रजीच कच्चे' असा निष्कर्ष विद्यार्थी आणि पालक चटकन काढतात. भाषाशास्त्र आणि मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी गेल्या सहा दशकांत या प्रश्नाचा जो मागोवा घेतला, त्यातून मात्र अधिक गुंतागुंतीचे चित्र पुढे आले आहे. ऐकलेले समजणे हे बोलणाऱ्याच्या जिभेइतकेच ऐकणाऱ्याच्या कानावर, त्या कानाला लागलेल्या सवयीवर आणि बोलणाऱ्याविषयी मनात आधीच असलेल्या समजुतींवर अवलंबून असते. यातील सवय बदलता येते, ही त्यातील दिलासा देणारी बाब आहे.

ॲक्सेंट म्हणजे नेमके काय?

ॲक्सेंट म्हणजे उच्चाराची ढब. शब्द तेच, व्याकरण तेच; पण स्वर, व्यंजने, शब्दातील आघात आणि वाक्याचा हेल यांत फरक पडतो. नागपूरकर, कोल्हापूरकर आणि मालवणकर यांचे मराठी दोन वाक्यांतच ओळखू येते, तसेच इंग्रजीचेही आहे. ढब नसलेला माणूस जगात नाही. आपल्या ओळखीची ढब कानाला जाणवत नाही, इतकेच.

भारतातील शाळा-महाविद्यालयांत दीर्घकाळ आदर्श मानला गेलेला ब्रिटिश उच्चार 'रिसीव्हड प्रनन्सिएशन' म्हणून ओळखला जातो. ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांच्या १९१७ च्या उच्चारकोशाने त्याला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली. हा उच्चार खुद्द ब्रिटनमध्ये किती लोक करतात? भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी १९७० च्या दशकात केलेला अंदाज सुमारे ३ टक्क्यांचा होता. म्हणजे ज्याला 'खरे इंग्रजी' समजून पिढ्यान्‌पिढ्या गिरवले गेले, ते मातृभाषिकांमध्येही अल्पसंख्यच होते.

मातृभाषिकांच्या ढबींमध्येही मोठे अंतर आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये 'कार' या शब्दातील अखेरचा 'र' उच्चारला जात नाही. अमेरिकेत तो ठळक ऐकू येतो. अमेरिकी माणसाच्या तोंडी 'वॉटर' हा शब्द 'वॉडर'च्या जवळ जातो आणि 'रायटर' व 'रायडर' यांतील भेद जवळजवळ पुसला जातो. ऑस्ट्रेलियन 'डे' हा नवख्या कानाला 'डाय'सारखा वाटतो, तर न्यूझीलंडमधील 'पेन' हा 'पिन'सारखा. 'कॅन' आणि 'कान्ट' यांतील फरक ब्रिटिश बोलण्यात स्वरामुळे लगेच कळतो. अमेरिकी बोलण्यात दोन्हींचा स्वर एकच असतो आणि अखेरचा 'ट' अर्धवट गिळला जातो. त्यामुळे होकार आणि नकार यांत गफलत होऊ शकते.

कान कसा घडतो?

तान्हे मूल जगातील बहुतेक भाषांमधील ध्वनिभेद ओळखू शकते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला याविषयीचा प्रयोग भारतीयांसाठी विशेष लक्षणीय आहे, कारण त्यात हिंदीतील दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' हे ध्वनी वापरले होते. इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक कळत होता. मात्र दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला होता. इंग्रजीत त्या भेदाने शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे वर्ष सरता सरता कान त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांमध्ये तो भेद टिकून राहतो.

हीच प्रक्रिया मराठी कानाच्या बाबतीत उलट दिशेने घडते. इंग्रजी 'टी' आणि 'डी' हे ध्वनी जिभेचे टोक वरच्या हिरडीला लावून काढले जातात. मराठीत ती जागा रिकामी आहे. एकीकडे दातांचा 'त', दुसरीकडे टाळूकडचा 'ट'. मराठी कानाने इंग्रजी ध्वनी 'ट'च्या खणात टाकला आणि 'टेबल', 'डॉक्टर' हे शब्द रूढ झाले. 'थिएटर'मधील आरंभीचा घर्षक ध्वनी मराठीत नाही. त्याच्या जागी 'थ' आला. मराठीत लिहिली जाणारी इंग्रजी शब्दांची रूपे म्हणजे मराठी कानाने इंग्रजी कसे ऐकले याची नोंदच होय.

इंग्रजीतील 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांचे उदाहरण याहून बोलके आहे. एका ध्वनीसाठी खालचा ओठ दातांना लागतो, दुसऱ्यासाठी दोन्ही ओठांचा चंबू होतो. मराठीचा 'व' या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. 'व्ही'साठी 'व्ह' लिहिण्याची रीत मराठीत आहे खरी, पण 'व्हाइट' लिहिताना तीच खूण 'डब्ल्यू'लाही लावली जाते. त्यामुळे अंगात घालायचा 'व्हेस्ट' आणि पश्चिम दिशा दाखवणारा 'वेस्ट' हे दोन शब्द बोलताना आणि ऐकतानाही एक होतात. जपानी विद्यार्थ्यांना 'र' आणि 'ल' यांत पडणारा गोंधळ याच जातीचा आहे.

याखेरीज महाराष्ट्रातील बहुसंख्य विद्यार्थी इंग्रजी शब्द प्रथम डोळ्यांनी शिकतात. 'कम्फर्टेबल' आणि 'व्हेजिटेबल' हे शब्द लिहिले जातात तसे, अक्षर न् अक्षर उच्चारले जातात, अशी त्यांची समजूत होते. मातृभाषिकाच्या तोंडून 'कम्फ्टबल' आणि 'व्हेज्टबल' ऐकू आले की ओळखीचा शब्दही अनोळखी ठरतो. मराठीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखा न्याय मिळतो. इंग्रजीत मात्र आघाताचे अक्षर उठून दिसते आणि बाकीची अक्षरे घाईघाईने उरकली जातात. 'ॲन्ड', 'ऑफ', 'टू' असे छोटे शब्द तर जवळपास नाहीसेच होतात. 'ते फार भरभर बोलतात' ही शिकणाऱ्यांची तक्रार अनेकदा वेगापेक्षा या गाळलेल्या अक्षरांविषयीची असते.

तीन वेगळ्या गोष्टी

'ॲक्सेंट जड आहे' आणि 'बोललेले समजत नाही' ही दोन विधाने सर्रास एकच मानली जातात. कॅनडातील संशोधक मरे मन्रो आणि ट्रेसी डरविंग यांनी १९९५ मध्ये ती वेगळी करून दाखवली. मातृभाषा चिनी असलेल्या व्यक्तींचे इंग्रजी बोलणे त्यांनी इंग्रजी मातृभाषिकांना ऐकवले आणि तीन प्रश्नांची उत्तरे मिळवली. ऐकलेले वाक्य श्रोत्याला बरोबर लिहून काढता येते का? ते समजून घेण्यास त्याला किती सोपे किंवा अवघड वाटले? आणि ढब किती परकी वाटली?

ही तीन उत्तरे एकमेकांशी जुळत नव्हती. श्रोत्यांनी कित्येक वाक्ये अचूक लिहून काढली होती, तरीही त्याच वाक्यांना 'अत्यंत परकी ढब' असा शेरा दिला होता. म्हणजे एखाद्याची ढब कानाला खूप वेगळी वाटूनही त्याचे बोलणे संपूर्ण समजू शकते. अनेकदा श्रोत्याला थोडे अधिक कष्ट पडतात आणि तो त्या कष्टांचा ठपका बोलणाऱ्यावर ठेवतो. या अभ्यासानंतर उच्चारशिक्षणाचा भर 'गोऱ्यासारखे बोला' येथून 'समजेल असे बोला' येथे हळूहळू सरकला.

मातृभाषिक अधिक समजतो का?

मातृभाषिकाचे इंग्रजी सर्वांनाच सर्वाधिक समजत असणार, हे गृहीतक वरकरणी निर्विवाद वाटते. लॅरी स्मिथ आणि खलिलुल्ला रफिकझाद यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्यालाच धक्का दिला. भारतासह आशियातील विविध देशांतील सुशिक्षित वक्त्यांचे आणि एका अमेरिकी वक्त्याचे इंग्रजी अनेक देशांतील श्रोत्यांना ऐकवण्यात आले. समजण्याच्या कसोटीवर अमेरिकी वक्ता तळाच्या गटात राहिला.

टेसा बेंट आणि ॲन ब्रॅडलो या अमेरिकी संशोधकांनी २००३ मध्ये याचा अधिक काटेकोर तपास केला. त्यांच्या प्रयोगात चिनी व कोरियन मातृभाषा असलेले आणि इंग्रजी मातृभाषा असलेले वक्ते होते. श्रोतेही निरनिराळ्या भाषांचे होते. इंग्रजी शिकणाऱ्या श्रोत्यांना आपल्याच भाषेतील चांगले इंग्रजी बोलणारा वक्ता मातृभाषिकाइतकाच समजत होता. दोघांच्या कानाची आणि जिभेची जडणघडण एकाच भाषेने केलेली असल्याने एकाच्या चुका दुसऱ्याला अपेक्षित असतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. मराठी विद्यार्थ्याला दाक्षिणात्य प्राध्यापकांचे इंग्रजी का अडत नाही, याचा उलगडा काही अंशी यातून होतो. मूर्धन्य 'ट', ठळक 'र' आणि अक्षराअक्षराला सारखे वजन ही लक्षणे भारतीय भाषांमध्ये मोठ्या प्रमाणावर सामायिक आहेत.

हा लाभ सर्वत्र सारखा मिळतो असे मात्र नाही. रॉय मेजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये व्याख्याने ऐकवून आकलनाची चाचणी घेतली, तेव्हा स्पॅनिश विद्यार्थ्यांना स्पॅनिश ढबीच्या इंग्रजीचा फायदा झाला. चिनी विद्यार्थ्यांना मात्र चिनी ढबीचे इंग्रजी ऐकताना उलट कमी गुण मिळाले. आपली ढब म्हणजे सदैव सोपी ढब, असा सरळ नियम मांडता येत नाही.

भारतीय उच्चार परक्या कानाला कितपत कळतात, याचा पद्धतशीर अभ्यास आर. के. बन्सल यांनी केला. हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश या संस्थेने तो १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजी आणि फॉरिन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी या नावाने आज ओळखले जाणारे विद्यापीठ ते हेच. भारतीय वक्त्याचे बोलणे न समजण्यामागे चुकीच्या अक्षरावर दिलेला आघात हे एक महत्त्वाचे कारण असल्याचे बन्सल यांनी दाखवले. त्याचे कारण पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. बोलण्याच्या सलग प्रवाहात शब्द कोठे सुरू होतो, हे इंग्रजी मातृभाषिक आघातावरून ताडतात. आघात हलला की त्यांचा माग चुकतो.

दुसरी अडचण महाप्राणाची. शब्दारंभीचा इंग्रजी 'प' हवेच्या झोतासह येतो. मराठी 'प' तसा नसतो. त्यामुळे मराठी माणसाचा 'पिन' इंग्रजाला 'बिन' वाटण्याची शक्यता असते. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी २००० मध्ये आंतरराष्ट्रीय संवादासाठी आवश्यक उच्चारांची जी यादी मांडली, तीत हा महाप्राण आणि स्वरांची ऱ्हस्व-दीर्घता यांना स्थान आहे. 'थ्री'मधील घर्षक ध्वनी मात्र त्यांनी अनावश्यक ठरवला. शब्दाघाताला त्यांनी यादीतून वगळले, त्यावर अभ्यासकांमध्ये आजही मतभेद आहेत.

ऐकण्याआधीच बनलेले मत

समजणे आणि पसंत पडणे यांत पुन्हा अंतर आहे. माँट्रियल येथे वॉलेस लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये एक युक्ती वापरली. दोन्ही भाषा उत्तम बोलणाऱ्या व्यक्तींकडून तोच मजकूर एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये वाचून घेतला. माणूस एकच आहे हे श्रोत्यांना ठाऊक नव्हते. इंग्रजी ऐकताना तोच माणूस अधिक बुद्धिमान आणि भरवशाचा वाटला. फ्रेंचभाषक श्रोत्यांनीही इंग्रजी आवाजालाच झुकते माप दिले, ही बाब अधिक बोचरी होती.

अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एका अमेरिकी मातृभाषिक स्त्रीच्या आवाजातील व्याख्यान ऐकवले. काहींना सोबत गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र दाखवले, काहींना आशियाई स्त्रीचे. आवाज तोच असूनही आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना ढब परकी वाटली आणि व्याख्यानावरील चाचणीतही त्यांना कमी गुण मिळाले. जी ढब नव्हतीच, ती डोळ्यांनी ऐकवली. परदेशी विद्यापीठांत अध्यापन करणाऱ्या भारतीय प्राध्यापकांच्या आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष गंभीर आहे.

शिकागोतील शिरी लेव-आरी आणि बोअझ कायसर यांनी २०१० मध्ये असे मांडले की, परक्या ढबीत सांगितलेले सामान्य ज्ञानाचे विधान श्रोत्यांना कमी खरे वाटते. ऐकण्यास पडणारे कष्ट हे त्यामागील कारण असावे, असा त्यांचा तर्क होता. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम आढळला नाही. त्यामुळे तो अंतिम मानता येणार नाही.

शिकणारे स्वतःच्या ढबीविषयी काय विचार करतात? ब्रज काचरू यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारतातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी जवळपास दोनतृतीयांश जणांनी ब्रिटिश उच्चाराला पसंती दिली होती. भारतीय उच्चाराला आदर्श मानणारे पाचव्या हिश्श्याच्या आसपास होते. ऑस्ट्रियातील विद्यार्थ्यांच्या १९९७ च्या अभ्यासातही त्यांनी आपल्याच देशाच्या ढबीला खालचे स्थान दिले. जपानमधील रॉबर्ट मॅकेन्झी यांचा २००८ चा अभ्यास थोडे वेगळे सांगतो. तेथील विद्यार्थ्यांनी प्रतिष्ठेच्या मोजमापात मातृभाषिकांच्या प्रमाण उच्चारांना वर ठेवले, पण ज्याच्याशी मैत्री करावीशी वाटेल अशा माणसाची ढब म्हणून ठसठशीत जपानी इंग्रजीला पसंती दिली. मान एकाला आणि आपुलकी दुसऱ्याला, अशी ही विभागणी आहे.

आकाशातील इंग्रजी

उच्चार आणि आकलन हा विषय केवळ प्रतिष्ठेचा राहत नाही, अशी काही क्षेत्रे आहेत. हवाई वाहतूक हे त्यांपैकी सर्वांत ठळक. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोईंग आणि कझाकस्तानचे इल्युशिन ही विमाने एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमान नेमून दिलेली उंची सोडून खाली उतरले, हे अपघाताचे मुख्य कारण चौकशीत पुढे आले. त्या विमानातील कर्मचाऱ्यांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान आणि त्यामुळे नियंत्रण कक्षाच्या सूचनांचा लावला गेलेला चुकीचा अर्थ, याचीही त्या कारणांत नोंद झाली.

अशा अपघातांची दखल घेऊन आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९८ मध्ये भाषेच्या प्रश्नावर ठराव केला आणि २००३ मध्ये वैमानिक व नियंत्रकांसाठी भाषाक्षमतेचे निकष स्वीकारले. ५ मार्च २००८ पासून ते लागू झाले. सहा पातळ्यांपैकी चौथी पातळी किमान ठरवण्यात आली. या पातळीवर मातृभाषेचा प्रभाव असलेला उच्चार चालतो. त्यामुळे समजण्यात अडथळा फक्त कधीकधी यावा, एवढीच अट आहे. ढब मातृभाषिकासारखी असावी, असे निकष कोठेही म्हणत नाहीत. जगभरच्या वैमानिकांना समजेल असे बोलण्याची जबाबदारी मातृभाषिकांवरही येते, हे यातील विशेष.

याच क्षेत्रात आकड्यांचे उच्चारही ठरवून दिलेले आहेत. रेडिओवर 'थ्री'ऐवजी 'ट्री', 'फाइव्ह'ऐवजी 'फाइफ', 'नाइन'ऐवजी 'नायनर' आणि 'थाउजंड'ऐवजी 'टाउजंड' म्हणावे, अशी शिफारस आहे. ज्या 'ट्री'साठी वर्गात हसे होते, तोच उच्चार खरखरणाऱ्या रेडिओवर अधिक भरवशाचा ठरला.

कानाला सवय कशी लागते?

कान लवकर शिकतो, ही संशोधनातील सर्वांत आशादायक बाब. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांनी २००४ मध्ये दाखवले की, परक्या ढबीचे इंग्रजी ऐकताना मातृभाषिक श्रोता सुरुवातीस अडखळतो. पण एका मिनिटाच्या आतच तो सावरू लागतो. ब्रॅडलो आणि बेंट यांच्या २००८ च्या अभ्यासाने त्यात महत्त्वाची भर घातली. चिनी ढबीचा एकच वक्ता ऐकणाऱ्यांना तोच वक्ता चांगला समजू लागला. पण अनेक चिनी वक्ते ऐकणाऱ्यांना त्या ढबीचा पूर्णपणे नवा वक्ताही समजू लागला.

शिकणाऱ्यांच्या कानालाही हेच लागू पडते. जपानी विद्यार्थ्यांना 'र' आणि 'ल' यांचा भेद शिकवण्यासाठी अमेरिकेत १९९० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत अनेक वक्त्यांचे आवाज वापरले गेले, तेव्हा सुधारणा नव्या आवाजांपर्यंत पोहोचली. एकाच आवाजावर सराव करणाऱ्यांची सुधारणा त्या आवाजापुरतीच राहिली. केवळ ऐकण्याचा सराव केलेल्यांचे बोलणेही काही प्रमाणात सुधारले, असे पुढे आढळले.

चित्रपट पाहून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी हॉल्गर मिटेरर आणि जेम्स मॅक्वीन यांचा २००९ चा प्रयोग उपयुक्त आहे. त्यांनी नेदरलँड्समधील विद्यार्थ्यांना ऑस्ट्रेलियन मालिका आणि स्कॉटिश ढबीचा चित्रपट सुमारे २५ मिनिटे दाखवला. काहींना पडद्यावर इंग्रजी अक्षरे दिसत होती, काहींना डच भाषांतर, तर काहींना काहीच नाही. नंतर त्याच पात्रांची नवी वाक्ये ऐकवली असता इंग्रजी अक्षरे वाचलेल्यांची कामगिरी सुधारली होती. डच भाषांतर वाचणारे मात्र काहीच न वाचणाऱ्यांच्याही मागे पडले. कारण सरळ आहे. इंग्रजी अक्षरे अनोळखी ध्वनी कोणत्या शब्दाचा आहे ते दाखवतात. भाषांतर गोष्टीचा अर्थ हातात देते आणि कानाचे लक्ष ध्वनीवरून उडवते. भारतातील इंग्रजी चित्रपटवाहिन्यांनी २००० च्या दशकात इंग्रजी संवादाखाली इंग्रजी अक्षरे देण्यास सुरुवात केली. प्रेक्षकांच्या सोयीसाठी केलेला हा बदल कानाच्या शिक्षणाच्या दृष्टीनेही योग्य होता, असे या प्रयोगाच्या आधारे म्हणता येते.

परीक्षा, नोकरी आणि वर्ग

परीक्षांनीही या बदलांची नोंद घेतली आहे. पूर्वी केवळ अमेरिकी उच्चार ऐकवणाऱ्या टोफेल परीक्षेत आता इतर इंग्रजीभाषक देशांच्या ढबींनाही स्थान आहे. आयईएलटीएसच्या बोलण्याच्या चाचणीत उच्चार हा चार निकषांपैकी एक निकष आहे. पण तेथेही मोजली जाते ती स्पष्टता. मातृभाषेची छटा असणे हा आपोआप दोष ठरत नाही. युरोपातील भाषाशिक्षणाला दिशा देणाऱ्या सामायिक चौकटीच्या २०१८ च्या पुरवणीत उच्चाराची श्रेणी नव्याने लिहिण्यात आली आणि मातृभाषिकासारखे बोलण्याचा आदर्श तेथून हटवण्यात आला.

नोकरीच्या बाजारात हा बदल धीम्या गतीने उतरतो आहे. २००० च्या दशकात मुंबई-पुण्यातील कॉल सेंटरमध्ये भरती झालेल्या तरुणांना आधी अमेरिकी ढब शिकवली जाई. पुढे 'न्यूट्रल ॲक्सेंट' या नावाखाली प्रादेशिक छटा कमी करण्यावर भर आला. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे बोलणाऱ्याची ढब तत्क्षणी बदलून ग्राहकाला ऐकवणाऱ्या प्रणाली आल्या असून, २०२५ मध्ये भारतातील कॉल सेंटरमध्येही त्यांचा वापर सुरू झाला. त्यामुळे कर्मचाऱ्याला होणारी शिवीगाळ कमी होईल, असे समर्थक म्हणतात. ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहाचा भार यंत्राद्वारे पुन्हा बोलणाऱ्याच्याच आवाजावर टाकला जातो, असा टीकाकारांचा आक्षेप आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. वाचन-लेखनाची परीक्षा होते, त्यामुळे त्यांचा सराव होतो; कानाचा सराव मात्र बहुधा शिक्षकांच्या एका आवाजापुरता राहतो. वरील संशोधनाच्या आधारे विद्यार्थ्यांना काही गोष्टी सहज करता येतील. एकाच निवेदकाऐवजी अनेक आवाज आणि अनेक देशांच्या ढबी थोड्या थोड्या ऐकाव्यात. प्रथम इंग्रजी अक्षरांसह आणि नंतर अक्षरांविना तोच भाग पुन्हा ऐकावा. नवा शब्द शिकताना त्यातील आघात कोणत्या अक्षरावर आहे, ते शब्दकोशात पाहून ठेवावे. बोलताना 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांतील भेद आणि शब्दारंभीचे 'प', 'ट', 'क' यांकडे लक्ष द्यावे. उरलेली मराठी छटा लपवण्यासाठी वेळ दवडण्याचे कारण नाही.

जगात इंग्रजी शिकून बोलणाऱ्यांची संख्या मातृभाषिकांपेक्षा कितीतरी मोठी आहे. पुण्यातील अभियंत्याला जर्मन, जपानी आणि ब्राझीलच्या सहकाऱ्यांशी इंग्रजीतच बोलावे लागते आणि त्या बैठकीत अनेकदा एकही इंग्रज नसतो. तेथे कोणाची ढब शुद्ध, या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. समोरच्याचे बोलणे समजून घेण्याची सवय किती जणांच्या कानाला आहे, यावर ती बैठक यशस्वी होते. ती सवय लागण्यास वय किंवा शाळेचे माध्यम आड येण्याचे कारण नाही; रोज थोडा वेळ वेगवेगळे आवाज लक्षपूर्वक ऐकणे एवढेच त्यासाठी लागते.